मुंबईहून बोल्डरला: आधी घर, मग जॅकेट

दर वर्षी मे महिना उजाडला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाच्या तरी मुलाला, भाचीला, ऑफिसातल्या कुणाच्या मुलीला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डरच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो आणि संध्याकाळी आमची बेल वाजते. सोबत आई असतेच. पहिला प्रश्न ठरलेला: "जॅकेट इथून घ्यायचं की तिथून?" मी चहा टाकते आणि उलट विचारते, "घर मिळालं का?" मग मायलेकी एकमेकींकडे बघतात.

मीही तशीच होते. ऑगस्ट २०२२ मध्ये निघताना माझ्याकडे नऊ हजारांचं जॅकेट होतं, लोकरी मोज्यांचे सहा जोड होते, कानटोपी तर आईनं स्वतः विणलेली. घर मात्र नव्हतं. पहिल्या अकरा रात्री एका ओळखीच्या ओळखीतल्या मुलीच्या हॉलमध्ये, गालिच्यावर चादर टाकून काढल्या. त्या अकरा रात्रींत बाहेर तीस अंश तापमान होतं आणि जॅकेट बॅगेतून बाहेरही आलं नाही.

तीन वर्षं राहून परत आले. दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच काढते.

गावाची कल्पना यावी म्हणून थोडं. बोल्डर आहे साधारण १,६५५ मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा हातभर जास्तच. आपण धापा टाकत शिड्या चढून जिथे फोटो काढतो, त्या उंचीवर इथे बसस्टॉप आहेत. २०२० च्या जनगणनेत वस्ती एक लाख आठ हजार, आणि विद्यापीठात पस्तीस हजारांहून जास्त विद्यार्थी. विद्यापीठ १८७६ चं. पश्चिमेला फ्लॅटआयर्न्स नावाचे इस्त्रीसारखे सपाट कडे उभे आहेत, त्यामुळे दिशा कधी चुकत नाही. कॅम्पसजवळून जाणारा बेसलाइन नावाचा रस्ता बरोबर ४० अंश अक्षांशावर आहे. मुंबई १९ वर. हिवाळा कळायला एवढा फरक पुरे.

१. घर: आजपासून शोधा

भाडं ऐकून सगळ्यांना धक्का बसतो, म्हणून आधी कारण सांगते. १९५९ मध्ये बोल्डरच्या लोकांनी मतदान करून ठरवलं की ५,७५० फुटांच्या वर नगरपालिका पाणी पुरवणार नाही. पाणी नाही म्हटल्यावर डोंगरावर घरं चढली नाहीत. १९६७ मध्ये स्वतःवरच विक्रीकर लावून घेतला आणि त्या पैशांतून गावाभोवतीच्या मोकळ्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. १९७१ मध्ये इमारतींना ५५ फुटांची मर्यादा घातली. म्हणजे आडवं पसरायला जागा नाही आणि उभं चढायला परवानगी नाही. मुंबईचं जे समुद्रानं केलं, ते या लोकांनी मत देऊन हौसेनं करून घेतलंय. गाव त्यामुळे देखणं राहिलं आणि त्याची किंमत भाडेकरू भरतो. माझ्या वेळी चार जणांच्या घरातली एक खोली ९०० ते १,३०० डॉलरच्या दरम्यान मिळायची आणि एकट्यासाठी छोटा फ्लॅट घ्यायचा तर १,७०० च्या खाली बोलणं नव्हतं.

आता खरी मेख. विद्यार्थी वस्तीतले भाडेकरार ऑगस्ट ते ऑगस्ट असतात आणि चांगली घरं आदल्या ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत उचलली जातात. आपल्याला प्रवेशाचं पत्र येतं मार्च-एप्रिलमध्ये. तोवर ताटात उरलंसुरलं. त्यातून तीन वाटा निघतात:

- विद्यापीठाची पदव्युत्तर आणि कुटुंबवाल्यांसाठीची घरं. प्रवेश पक्का केला त्याच दिवशी अर्ज टाका. प्रतीक्षा यादी लांब असते, पण ती हलते.
- कुणाची तरी रिकामी होणारी खोली. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जून-जुलैत अशा खोल्या येतात आणि तासाभरात जातात. "विचार करून सांगते" म्हणालात की गेली.
- गावाबाहेर. लुइसव्हिल, लाफायेत, लॉन्गमाँट, ब्रूमफील्ड. इथे जरा स्वस्त पडतं.

डोंबिवलीहून रोज फोर्टला जाणाऱ्याला लॉन्गमाँटचे पंचवीस किलोमीटर किरकोळ वाटतात. मलाही वाटले होते. पण लोकल चार मिनिटांनी येते, तिथली बस अर्ध्या तासानं, आणि रात्री उशिरा येईलच असं नाही. प्रयोगशाळेत रात्री दहापर्यंत थांबावं लागणार असेल तर बाहेरचं घर घेण्याआधी शेवटची बस किती वाजता सुटते ते बघा. भाडं नंतर.

जाहिरातींतले काही शब्द आपल्याला चकवतात. "गार्डन लेव्हल" वाचून माझ्या डोळ्यांसमोर गार्डन फेसिंग आलं होतं. आपल्याकडे त्याचे जास्तीचे पैसे मोजतात. तिथे त्याचा अर्थ अर्धं तळघर. खिडकी जमिनीच्या पातळीला, आणि बर्फ पडला की खिडकीत फक्त पांढरं. स्वस्त असतं आणि थंडीत तितकंसं वाईटही नाही, पण माहीत असून घ्या. "अनफर्निश्ड" म्हणजे खरंच काही नाही. पंखा नाही, आणि खोलीत छताला दिवासुद्धा नसेल. पहिल्या रात्री मी भिंतीवरची बटणं दाबत बसले होते. एका बटणानं कोपऱ्यातलं प्लग पॉइंट चालू होतं, दिवा आपण आणायचा, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

घरमालकाला किंवा एजंटला हे विचाराच:

- हीटिंगचं बिल कोण भरतं, आणि हीटिंग गॅसवर आहे की विजेवर? भिंतीलगतच्या विजेच्या हीटरवर चालणारं घर भाड्यात स्वस्त आणि जानेवारीच्या बिलात महाग पडतं.
- कपडे धुण्याचं मशीन घरात आहे, इमारतीत आहे, की नाहीच?
- शहराचा भाडेपरवाना आहे का? बोल्डरमध्ये घर भाड्यानं द्यायला परवाना लागतो. नंबर मागा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका.

फसवणुकीचा एकच साचा आहे. घर सुंदर, भाडं दोनशे डॉलरनं कमी, मालक "सध्या परदेशात" आणि डिपॉझिट पाठवलंत की किल्ली कुरिअरनं येणार. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे असे पैसे गेले. तो पुण्याचा होता, आणि मुंबईची असल्याचा मला उगीचच अभिमान वाटला होता. दोन महिन्यांनी तशाच एका जाहिरातीला मीही उत्तर लिहून ठेवलं होतं, पाठवायचं तेवढं राहिलं. कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन घर बघितल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर आतून फिरवून दाखवल्याशिवाय, एक डॉलरही पाठवू नका.

डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, असा कोलोरॅडोचा कायदा आहे. तुमचा तिथे क्रेडिट इतिहास शून्य असतो, म्हणून हमीदार मागतात. अमेरिकेत नातेवाईक असतील तर आधीच विचारून ठेवा. नसतील तर प्रवेशपत्र, स्टायपेंडचं पत्र आणि बँकेची शिल्लक एकत्र करून पाठवा. बहुतेक जण ऐकतात.

आणखी एक. एका घरात नात्यात नसलेली किती माणसं राहू शकतात यावर बोल्डरमध्ये पूर्वी कडक मर्यादा होती. मी गेले तेव्हा बहुतेक भागांत तिघंच. चौथा माणूस कागदावर नसायचा आणि तपासणीच्या दिवशी लायब्ररीत जाऊन बसायचा. २०२४ मध्ये राज्यानं कायदा करून नात्यावर आधारलेली ही मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे जुने सीनियर "चौघं राहू नका" म्हणाले तर ते त्यांच्या काळचं सांगतायत. सगळ्यांची नावं करारावर घ्या.

२. कागदपत्रं

विद्यापीठाकडून आय-२० (व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र) आला की सेविस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क ३५० डॉलर, मग डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज आणि १८५ डॉलर व्हिसा शुल्क. आकडे बदलत असतात, भरताना अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. बीकेसीला दोन खेपा होतात, एक बोटांच्या ठशांसाठी आणि एक वाणिज्य दूतावासात मुलाखतीसाठी. मुलाखतीला फोन आत नेता येत नाही, म्हणून सोबत कुणीतरी न्या आणि भेटायची जागा आधी ठरवा. माझे बाबा दोन तास एका झाडाखाली उभे होते आणि मी दुसऱ्याच झाडाखाली त्यांना शोधत होते.

हातातल्या बॅगेत ठेवायची फाइल:

- पासपोर्ट, आय-२० (सही केलेला), सेविसची पावती
- प्रवेशपत्र, स्टायपेंड किंवा कर्जमंजुरीचं पत्र
- भाडेकरार, किंवा निदान पहिल्या काही रात्रींचा पत्ता
- सीलबंद ट्रान्सक्रिप्ट्स (आपल्या विद्यापीठानं दिलेल्या अधिकृत गुणनोंदी), दोन जास्तीच्या प्रतींसह
- लसीकरणाची नोंद, डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी
- चालू औषधांची चिठ्ठी आणि चष्म्याचा नंबर
- भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर तेही

ट्रान्सक्रिप्टसाठी जूनची वाट बघू नका. मी ज्या खिडकीवर गेले तिथे आधी "सोमवारी या" झालं, मग "साहेब रजेवर", मग पावतीच सापडेना. सहा आठवडे गेले. लसीचंही तेच. कोलोरॅडोत गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन मात्रांचा पुरावा लागतो आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपणीचं कार्ड घर बदलताना हरवलेलं असतं. पुन्हा घ्यायची तर दोन मात्रांमध्ये २८ दिवसांचं अंतर लागतं, म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धावून उपयोग नाही.

विद्यापीठाचा आरोग्यविमा, किंवा त्या तोडीचा दुसरा, घ्यावाच लागतो. पण दातांचं त्यात धरू नका. किडलेला दात, अक्कलदाढ, काय असेल ते मुंबईत उरकून घ्या. चष्म्याचे दोन जोड करा.

अभ्यासक्रम सुरू होण्याआधी तीस दिवसांपेक्षा लवकर अमेरिकेत शिरता येत नाही. तिकीट काढताना ही तारीख मोजा.

३. पैसे

पहिल्या महिन्यात हाताशी किमान चार हजार डॉलर असू द्या: भाडं, डिपॉझिट, गादी, भांडी, फोन, जॅकेट. पहिला पगार किंवा स्टायपेंड सप्टेंबरच्या शेवटी येतो, आणि काही जणांचा त्याहूनही उशिरा. थोडी रोकड, एक फॉरेक्स कार्ड आणि घरच्यांच्या खात्यावरचं एक आंतरराष्ट्रीय कार्ड एवढं पुरतं. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागत नाही. स्वतःचे पैसे पाठवणार असाल तर आर्थिक वर्षात १० लाखांच्या पुढे लागतो. परत मिळतो, पण अडकतो.

दुकानातल्या लेबलवर एमआरपी नसते. बिलावर सुमारे ९ टक्के कर वेगळा चढतो. बँक खातं पासपोर्ट, आय-२० आणि पत्त्यावर उघडतं. सोशल सिक्युरिटी नंबर कॅम्पसवर काम मिळाल्यावरच मिळतो, त्याची घाई नको. आणि कॅम्पसवरच्या कामाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. "रोख देतो, बाहेर काम कर" म्हणणारा कुणी भेटला तर हात जोडा. व्हिसाशी खेळ नको.

४. बॅग

इथून न्या: थर्मलचे तीन जोड (कापसाचे नकोत, ओले झाले की गारठवतात), प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, मसाल्याचा डबा, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलं, नेहमीची औषधं पाकिटासकट.

नेऊ नका: मिक्सर. आपली वीज २३० व्होल्ट, तिथली १२०. मिक्सर चालत नाही, आणि तो चालवायचा ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड. इस्त्री, केस वाळवायचं यंत्र यांचंही तेच. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त पिनेचं अडॅप्टर लागतं. पोहे, रवा, डाळी, साबुदाणा सगळं तिथे मिळतं. पंचवीस किलो तांदूळ नेणारी आई मी पाहिली आहे, नाव सांगत नाही. ताजी फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ, पेरायच्या बिया अजिबात नकोत, आणि कस्टमच्या अर्जावर खाण्याच्या वस्तू आहेत असंच लिहा. लिहिलं की नुसतं विचारतात. लपवलं तर दंड.

जॅकेट आणि बूट तिथून. परळला थंडीत बसणारे तिबेटी स्वेटरवाले चांगला माल विकतात, पण तुम्ही निघता भर पावसात, तेव्हा ते नसतात. दुकानातलं "बर्फाचं जॅकेट" बहुतेक चार दिवसांच्या मनालीसाठी बनवलेलं असतं. माझं नऊ हजारांचं जॅकेट जाड होतं, पण वारा आरपार जायचा आणि बसमध्ये बसलं की घामाच्या धारा. ऑक्टोबरपर्यंत थांबा. विद्यार्थ्यांच्या गावात जुन्या कपड्यांची दुकानं उत्तम असतात. मी पुढच्या वर्षी पिसांचं जॅकेट पस्तीस डॉलरला घेतलं आणि अजून जपून ठेवलंय. बूट मात्र नवेच घ्या, पाणी आत न शिरणारे, तळाला खोल खाचा असलेले. मोजा घातल्यावर बोटं हलली पाहिजेत.

५. पहिला आठवडा

डेन्व्हर विमानतळावरून बोल्डरला एबी नावाची बस येते. सुमारे दहा डॉलर, सव्वा तास. टॅक्सीचं नाव काढू नका. विद्यार्थ्यांना बसचा पास फीमध्येच मिळतो, पुढे विमानतळाची बसही त्यातच. गावातल्या बसची नावं स्किप, हॉप, जम्प, बाउंड आणि डॅश अशी आहेत. ऐकून हसू येतं, पण नंबरापेक्षा लवकर लक्षात राहतात.

पहिले चार-पाच दिवस डोकं दुखेल, जिना चढताना दम लागेल, झोप तुटेल. ही उंची आहे, आजार नाही. पाणी खूप प्या. दारू घेत असाल तर मुंबईतल्या निम्म्यात चढते. हरिश्चंद्रगड केलाय म्हणून पहिल्या शनिवारी कुणाच्या गाडीत बसून बारा हजार फुटांवर जाऊ नका. दोन आठवडे जाऊ द्या. उन्हाळ्यात डोंगरात दुपारी विजा कडाडतात, म्हणून तिथले लोक पहाटे निघून दुपारच्या आत खाली येतात. ऊनही उंचीमुळे जास्त भाजतं. गव्हाळ कातडीला सनस्क्रीन कशाला, असं म्हणणारी मी तिसऱ्या दिवशी नाकाचं साल काढत बसले होते.

ऑगस्टच्या मध्यावर विद्यार्थी घरं बदलतात तेव्हा हिल नावाच्या वस्तीत फुटपाथवर टेबलं, खुर्च्या, दिवे, शेल्फ असं सगळं फुकट पडलेलं असतं. लाजू नका, उचला. गादी आणि कापडी सोफा मात्र हात लावू नका. ढेकूण आले तर डिपॉझिटही जातं आणि मैत्रीही.

सायकल घ्या, आणि सायकलच्या किमतीच्या मानानं महागडं वाटेल असं यू आकाराचं कुलूप घ्या. सायकली फार चोरीला जातात. गाडी पहिल्या वर्षी नको.

कचऱ्याचा डबा अस्वलाला उघडता येणार नाही असाच लागतो, ब्रॉडवे या मुख्य रस्त्याच्या पश्चिमेला तर सक्तीच आहे. ठाणे-बोरिवलीकरांना बिबट्याची सवय असते, त्यांना हे लवकर पचतं.

६. थंडी, एकदाची

बोल्डरची थंडी सतत नसते, हे कुणी सांगत नाही. जानेवारीत दुपारी सात-आठ अंश, लख्ख ऊन, रात्री उणे पाच-सहा. बर्फ पडतो, दोन दिवसांत वितळतो, पुन्हा पडतो. सगळ्यात जास्त पडतो मार्चमध्ये. आपला गुढीपाडवा येतो तेव्हा खिडकीबाहेर पांढरं असू शकतं. मी पहिल्या वर्षी गुढी बाल्कनीत उभारली, वाऱ्यानं तांब्या खालच्या मजल्यावरच्याच्या गाडीवर टाकला. पुढच्या दोन्ही वर्षी गुढी घरात, खिडकीच्या काचेला टेकून.

मधूनच खरी लाट येते. २१ डिसेंबर २०२२ च्या संध्याकाळी डेन्व्हर विमानतळावर तासाभरात पारा वीस अंश सेल्सिअसनं घसरला आणि दुसऱ्या दिवशी डेन्व्हरला उणे ३१ ची नोंद झाली. त्या दिवशी मी धुतलेले केस न वाळवता कचरा टाकायला खाली गेले. दोन मिनिटं फार तर. परत आले तर शेपटा काडीसारखा ताठ, वाकवला की कुरकुर वाजत होता. अशा दिवसांत हीटर बंद करून बाहेर जाऊ नका, नळाला बारीक धार चालू ठेवा. नाहीतर पाइप गोठून फुटतो. सुट्टीत भारतात येतानाही हीटर कमीवर चालू ठेवूनच या. बिल वाचवायला बंद करून आलेल्याला घर भिजलेलं सापडतं.

कपडे थरांनी घाला: आत थर्मल, मधे फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. वर्गात पोचल्यावर वरचे दोन काढायचे, कारण आत बावीस अंश असतात. टोपी आणि हातमोजे जॅकेटच्या खिशातच राहू द्या. वर्षभरात किती हरवतील त्याचा हिशेब नाही, म्हणून स्वस्तातले घ्या.

पडण्याची भीती बर्फ पडताना नाही, तिसऱ्या दिवशी आहे. वितळलेलं पाणी रात्री गोठून काचेसारखं बसतं आणि दिसत नाही. इमारतीच्या उत्तरेची सावलीतली बाजू आणि जिन्याची शेवटची पायरी या दोन जागा सांभाळा. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवरून आजी कशी चालते, तसं चालायचं: पाऊल सपाट, पावलं छोटी, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे वीस-तीस डॉलरला मिळतात. मी ते मनगट मुरगळल्यावर घेतले. स्वतंत्र घर भाड्यानं घेतलं असेल तर समोरच्या फुटपाथवरचा बर्फ पडणं थांबल्यापासून २४ तासांत काढावा लागतो. ते काम करारात कुणाच्या गळ्यात आहे ते वाचा, नाहीतर दंडाची चिठ्ठी तुमच्या दारावर.

थंडीपेक्षा कोरडेपणानं जास्त त्रास दिला. मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या नाकाला ही हवा सोसत नाही. ओठ फुटतात, टाचा फुटतात, सकाळी नाकातून रक्त येतं. मी घाबरून आरोग्यकेंद्रात गेले, तिथे हवा दमट करायचं यंत्र घ्या म्हणाले. आईनं फोनवर सांगितलं, रात्री नाकात तुपाचं बोट फिरव. दोन्ही केलं, दोन्हीनं बरं वाटलं. दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, त्याची मात्र सवयच करावी लागते. एक फायदा: रात्री दोरीवर टाकलेली जीन्स सकाळी खडखडीत वाळते. जुलैतल्या मुंबईला हे सांगून खरं वाटत नाही.

डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, डोंगराआड त्याच्याही आधी जातो. प्रयोगशाळेतून बाहेर पडलं की काळोख. नोव्हेंबरच्या शेवटी मला काही कारण नसताना रडू यायला लागलं, तेव्हा एका सीनियर मुलीनं सांगितलं की रोज दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर उन्हात चाल, काहीही झालं तरी. चालले. घरी फोन करायची वेळही ठरवून घ्या: हिवाळ्यात मुंबई साडेबारा तास पुढे, उन्हाळ्यात साडेअकरा. तिथली सकाळची आठची वेळ म्हणजे इथे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ, आई-बाबा जेवून बसलेले असतात.

वाऱ्याचं शेवटी, पण विसरू नका. डोंगरावरून चिनूक नावाचा उबदार, कोरडा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर सुटतो. ३० डिसेंबर २०२१ ला अशाच वाऱ्यात मार्शल आग पसरली आणि शेजारच्या लुइसव्हिल-सुपीरियरमधली हजारांहून जास्त घरं काही तासांत गेली. मी तिथे आठ महिन्यांनी पोचले, तेव्हा काही गल्ल्यांत नुसती जोती उरली होती. महिन्याला दहा-पंधरा डॉलरचा भाडेकरूचा विमा घ्या, काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) आणीबाणीच्या संदेशांसाठी फोन नंबर नोंदवा, आणि कागदपत्रांची फाइल दाराजवळच्या एकाच पिशवीत ठेवा.

७. स्वयंपाक

या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ दीड तास उकळली तरी दाणा दाताखाली येतो, राजम्याचं तर विचारू नका. म्हणून कुकर. मुंबईत तीन शिट्ट्यांना होणारं वरण तिथे चार-पाच घेतं. घरात अमेरिकन किंवा दुसऱ्या देशांतली मुलं असतील तर पहिल्या शिट्टीआधी त्यांना सांगा. माझी एक घरसोबतीण बाथरूममधून टॉवेलवर बाहेर पळाली होती.

फोडणीचं वेगळंच. हिंग-मोहरीचा धूर वर गेला की धुराचा अलार्म केकाटतो. आधी खिडकी उघडा, चुलीवरचा पंखा सुरू करा, मग तेल तापवा. तरीही वाजला तर खाली उभं राहून ताटानं वारा घाला. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका, तपासणीत सापडली तर दंड होतो आणि मार्शल आगीनंतर त्या गावात कुणाला ते हसण्यावारी नेता येत नाही. चूल बहुतेक विजेच्या वेटोळ्याची असते. बंद केली तरी दहा मिनिटं गरम राहते, म्हणून दूध उतू जायच्या आत भांडंच बाजूला ठेवायचं.

दही हिवाळ्यात लागत नाही. विरजण लावलेलं भांडं ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. रात्रभरात घट्ट. इडलीचं पीठही तसंच फुगतं. ओव्हनच्या दारावर "आत दही आहे" अशी चिठ्ठी लावा. एकदा एकानं न बघता पिझ्झासाठी ओव्हन तापवला आणि माझा प्लास्टिकचा डबा दह्यासकट वितळला.

८. पुढच्या ऑगस्टची तयारी ऑक्टोबरात

तुम्ही अजून गादीचं प्लास्टिक काढत असता आणि घरमालकाचा मेल येतो, पुढच्या वर्षी राहणार का? हा प्रश्न खरा असतो आणि मुदतही खरी असते. घरसोबती पटलेत का, हे दोन महिन्यांत ठरवायचं असतं. नाही पटले तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीआधी दुसरं घर बघा.

घरात शिरताना प्रत्येक भिंतीचा, ओव्हनच्या आतला, गालिच्यावरच्या डागांचा तारखेसह फोटो काढून मालकाला मेल करा. मी केला नाही. घर सोडताना ओव्हन साफ करण्याचे म्हणून डिपॉझिटमधले १८० डॉलर कापले, आणि तो ओव्हन मी आले तेव्हाच तसा होता. डिपॉझिट महिन्याभरात, करारात लिहिलं असेल तर जास्तीत जास्त साठ दिवसांत, परत द्यावं लागतं, आणि कापलेल्या पैशांचा लेखी हिशेबही.

एक शेवटची खाच. जुना करार संपतो, समजा, १२ ऑगस्टला आणि नवा सुरू होतो २० ला. ते आठ दिवस तुम्ही कुठेच राहत नसता, आणि गावातल्या निम्म्या विद्यार्थ्यांची तीच अवस्था असते. नवा करार करतानाच "चार दिवस आधी सामान ठेवू देता का" असं विचारा, लेखी घ्या. नाहीतर एखाद्या मैत्रिणीचा हॉल आतापासून बोलून ठेवा. आणि त्याच आठवड्यात मुंबईहून कुणी नवी मुलगी येणार असेल, तर तिच्यासाठी गालिच्यावर एक चादर जास्तीची ठेवा.